आमची वाटचाल : आधी धुवा, मग तेल

वडील परळच्या गिरणीत तेलवाले होते. साच्यांना, म्हणजे कापड विणायच्या मागांना, तेल द्यायचं काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांच्यापुरती गिरणी तिथेच संपली. घरी आली ती लांब चोचीची पत्र्याची तेलाची डबी. बुड दाबलं की एकच थेंब पडतो, दुसरा पडत नाही. आजही ती माझ्या टेबलावरच्या खिळ्याला टांगलेली असते. चोच एकदा पितळेनं झाळून घेतली आहे, बाकी सगळं मूळचं.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत वडिलांनी गाड्यांच्या दारांची कामं धरली. लॅच, बिजागऱ्या, काचेचे रेग्युलेटर. दहावी झाल्यावर मीही बसलो. पहिलं वर्षभर त्यांनी मला डबीला हात लावू दिला नाही. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश, एवढंच माझं हत्यार. "मळीवर तेल घातलंस तर मळीच घट्ट होते," असं ते म्हणत. पुढे चित्रनगरीतल्या व्हॅनिटी व्हॅन यायला लागल्या. मधली वर्षं बरी गेली.

व्हॅनिटीचं दार दिवसाला शंभर वेळा उघडतं. मढला शूटिंग असेल तर वर खारा वारा. ड्रायव्हर लोक दर आठवड्याला लॅचवर ग्रीस थापतात, त्यावर धूळ बसते, सहा महिन्यांत त्याचं डांबर होतं. मग पंजा, म्हणजे चौकटीवरच्या खुंटीला पकडणारा लॅचमधला फिरता आकडा, पूर्ण फिरत नाही, स्प्रिंग त्याला परत आणू शकत नाही आणि दार एकाच टिकवर अडकतं. दोन टिक ऐकू आल्याच पाहिजेत, पहिलीला दार अर्धवट लागतं, दुसरीला पूर्ण. एकीवर गाडी हलवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, विचारो न विचारो.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे व्हॅनिटीवाले काका. तेव्हा त्यांच्याकडे दोनच व्हॅन होत्या. काम झालं की ते दार तीनदा लावून उघडायचे, कान लावून ऐकायचे आणि मगच पाकीट काढायचे. पैशांची घासाघीस त्यांनी कधी केली नाही.

आता २०१७ चं सांगतो. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

एका कुटुंबानं टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतला होता. आत झोपायची सोय, शेगडी, छोटा फ्रीज. बाजूचं दार चिकटतं म्हणून एप्रिलमध्ये ते आमच्याकडे आले. मी लॅच उतरवलं, धुतलं, सुकवलं, पंजाला आणि त्याला अडकवून धरणाऱ्या खटक्याला पांढरं लिथियम ग्रीस दिलं, चावीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड सोडली. (चावीच्या भोकात तेल कधीही घालू नका, धूळ धरतं आणि आतल्या पिना अडकतात.) दार लोण्यासारखं चालायला लागलं. आठ दिवसांनी ते गणपतीपुळ्याला गेले आणि पहाटे दार उघडेना. दोन लहान मुलं आणि आजी आत. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूनं एकेकाला बाहेर काढलं.

ज्यानं तो कॅम्पर बांधला, त्याचा कारखाना मोठा. नाव घेत नाही. त्यानं गाडी बघितलीसुद्धा नाही आणि सांगून टाकलं, "कुर्ल्याच्या त्या तेल लावणाऱ्याकडे दिलीत ना? त्यानंच लॅच घालवलं. नवीन बसवा." हेच तो व्हॅनिटीवाल्यांनाही सांगत सुटला. तेल लावणारा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं होतं, मन लावून, आणि हा माणूस ते शिवीसारखं वापरत होता.

जून कामाविना गेला. जुलैत दोन पोरं सोडून गेली, त्यांना मी दोष देत नाही. भाडं तीन महिने थकलं. बायकोनं पाटल्या काढून दिल्या, मी त्या गहाण ठेवल्या. आमचं सगळं काम तोंडी ओळखीवर, तेव्हा तोंडानंच ते बंद पाडलं. वडील तेव्हा हयात होते. ते दुकानात येऊन बसायचे, डबी पुसायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला फार लागायचं.

ऑगस्टमध्ये काका आले. म्हणाले, "तू तो कॅम्पर परत बघितलास का?" मी कशाला बघतोय, ती माणसं माझा फोन उचलत नव्हती. काकांनी स्वतः त्यांना गाठलं आणि गाडी आणायला लावली.

गल्लीतल्या सपाट जमिनीवर दार मस्त उघडत होतं. नवं लॅच बसवलेलं होतं, तरी मालक म्हणाले की घाटात एकदा परत अडकलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दार उघडं ठेवून स्क्रू-ड्रायव्हरनं पंजा दोन टिक फिरवला आणि हँडल ओढलं, तर खटकन सुटला. म्हणजे लॅचात काही नाही. (ही तपासणी घरीही करता येते. फक्त पंजा सोडवल्याशिवाय दार लावू नका, नाहीतर तो खुंटीवर आपटून तुटेल.) मग दार लावलं आणि मागच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावून गाडी तेवढीच उचलली. चौथ्या-पाचव्या झटक्याला हँडल दगड झालं. जॅक उतरवला, दार उघडलं. पुन्हा उचलला, पुन्हा अडकलं. काका, मालक, गल्लीतली दहा माणसं बघत होती.

गणपतीपुळ्याला गाडी उतारावर उभी होती, एक चाक खड्ड्यात. दारासाठी बाजूचा पत्रा कापताना चौकटीला आतून आधारच दिला नव्हता. गाडी पिळली की चौकट तिरकी होते, खुंटी पंजाला दाबून धरते आणि त्या दाबाखाली खटका सुटत नाही. अशा वेळी हँडलशी झटापट करू नका. एकानं बाहेरून दार आत दाबायचं, दुसऱ्यानं हळू हँडल ओढायचं. त्यानंही नाही झालं तर गाडी सपाटीवर घ्या.

मी आतलं अस्तर काढलं, चौकटीभोवती चौकोनी पाइप फिरवला, चारही कोपऱ्यांत तिरकी पट्टी टाकली. खुंटीला खडू लावून दार मिटलं, पंज्यावर डाग कुठे उठतो ते पाहिलं, आणि पेन्सिलीनं जुनी जागा आखून खुंटी दोन मिलिमीटर बाहेर घेतली. जॅकवर पुन्हा परीक्षा. दोन टिक. सुटलं. त्या मालकांनी हात जोडले. गणपतीच्या आधी काकांच्या ओळखीतल्या चार व्हॅन आल्या, पाटल्या दिवाळीला सोडवल्या.

कारखानेवाल्यानं एक शब्द मागे घेतला नाही. आजतागायत नाही.

लोक हल्ली स्प्रेचा डबा घेऊन येतात, डब्ल्यूडी फोर्टी मारला तरी पंधरा दिवसांत परत तेच, अशी तक्रार करतात. तो १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायला बनवला, चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात चाळीस. मळ सोडवायला उत्तम. पण त्यानंतर पुसून ग्रीस द्यावंच लागतं, आणि दाराच्या रबराला ग्रीस नाही, सिलिकॉन. ग्रीसनं रबर फुगतं, मग दार मिटायलाच जोर लागतो आणि दोष परत लॅचवर. कॅम्परमध्ये रॉकेल वापरणार असाल तर आधी गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

२०२१ साली सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कॅम्पर वाढले आहेत. मे महिन्यात, पावसाच्या आधी, रांग असते.

गेल्या मेमध्ये एक नवी कोरी गाडी आली, त्याच कारखान्यातली. दार जड जातं म्हणून ड्रायव्हर घेऊन आला होता. मी अस्तर उघडलं. आत चौकटीभोवती चौकोनी पाइप होता, आणि चारही कोपऱ्यांत तिरकी पट्टी. मी बराच वेळ त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसलो. मग लॅच उतरवलं, धुतलं, डबीनं बिजागऱ्यांना एकेक थेंब दिला आणि नेहमीचे पैसे घेतले.