आयला बेटावर धुराच्या मागे: पायी फिरणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयला बेटावर तिथली धुरकट व्हिस्की चाखायला जायचं ठरलं की राहायच्या जागेआधी बोटीचं बघा. केनाक्रेगच्या धक्क्यावरून कॅलमॅक कंपनीच्या बोटी पोर्ट एलन आणि पोर्ट अस्केग अशा दोन बंदरांना जातात, साधारण दोन-सव्वादोन तासांत. उन्हाळ्यात गाड्यांची जागा फार लवकर भरते. आम्ही गाडी नेलीच नाही. ग्लासगोहून बस थेट धक्क्यापर्यंत येते. शिवाय स्कॉटलंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच मुभा आहे (इंग्लंडमध्ये ८०). गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊच नये. मागितलं तर बहुतेक ठिकाणी त्याच्या वाटणीचं छोट्या बाटलीत भरून देतात. वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीला एक दिवस मोकळा ठेवा. मेअखेरीस इथे व्हिस्कीचा उत्सव असतो. त्या आठवड्यात जायचं तर कित्येक महिने आधी आरक्षण हवं.

पोर्ट एलनहून रस्त्याच्या कडेनं बांधलेली पायवाट निघते. पाचेक किलोमीटरमध्ये लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलरी (व्हिस्की गाळायचे कारखाने) ओळीनं लागतात. चढ फारसा नाही, पण पाऊस कधीही येतो. पोटभर नाश्ता करूनच निघा. आर्डबेगला जुन्या भट्टीच्या इमारतीत कॅफे आहे. तो उघडा असेल असं आखून चाललात तर जेवण तिथे होतं. रविवारी बेटावरच्या बसवर विसंबू नका.

तिन्हींपैकी एकाच ठिकाणी सविस्तर फेरी घ्यायची असेल, तर ती लाफ्रॉइगला घ्या. लागणाऱ्या माल्टचा, म्हणजे कोंब आणून वाळवलेल्या बार्लीचा, थोडा भाग ते अजूनही स्वतः करतात. भिजवलेली बार्ली फरशीवर पसरायची, उलटीपालटी करत राहायची, कोंब फुटले की भट्टीवर चढवायची. खाली पीट जळतं. शेवाळ, हेदर, गवत हजारो वर्षं पाणथळीत दबून झालेलं ते काळपट इंधन. धूर धरतो तो ओलसर दाण्यावर. दाणा कोरडा पडला की फारसा चिकटत नाही, म्हणून धूर आधी आणि नुसती गरम हवा नंतर. भट्टीच्या तोंडाशी उभं राहा. पुढे पेल्यात येणाऱ्या वासाचं मूळ तिथे लख्ख कळतं.

या व्हिस्कीबद्दल बोलताना लोक फिनॉलचा, म्हणजे धुरातून माल्टमध्ये येणाऱ्या रसायनांचा, आकडा सांगतात (दहा लाखांत किती भाग): बेटावरचीच बोमोर २५च्या आसपास, लागावूलिन ३५, आर्डबेग ५५. आकडा मोठा तितका धूर जास्त, असा समज पक्का बसलेला असतो. मला तो दिशाभूल करणारा वाटतो. आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. गाळताना आणि पुढे पिंपात वर्षं जाताना त्यातलं बरंच कमी होतं.

पटत नसेल तर लागावूलिन प्यायल्यावर पोर्ट अस्केगजवळच्या कल ईला डिस्टिलरीला जा. दोघांचा माल्ट पोर्ट एलनच्याच माल्टिंगमधून येतो, धुराचं मानही जवळजवळ सारखं. पण लागावूलिनची गाळायची तांब्याची भांडी जवळपास काठोकाठ भरतात आणि सावकाश गाळतात. कल ईलाची मोठी भांडी बरीच रिकामी ठेवतात, वाफेला तांब्याशी जास्त वेळ मिळतो आणि व्हिस्की हलकी होते. परिणाम जिभेवर दिसतो. लागावूलिन १६ वर्षांची जड, गोडसर, धूर घशात रेंगाळणारा. कल ईला १२ वर्षांची हलकी, लिंबाकडे झुकणारी, धूर तिथेही आहे पण मोकळा. माझा कौल लागावूलिनला, आणि तो बदलेल असं वाटत नाही.

लाफ्रॉइगचा पहिला वास टिंक्चर आयोडीन लावलेल्या बँडेजसारखा येतो. पुष्कळजण तिथेच पेला खाली ठेवतात. ठेवू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, छोटा घोट जिभेवर थांबवा, मग साध्या पाण्याचे चार-दोन थेंब टाका. औषधी वास मागे सरतो आणि पिंपातली व्हॅनिला, खारटपणा पुढे येतो. बर्फ मात्र नको, थंडीनं वास मिटतो. एकाच बैठकीत अनेक चाखायच्या असतील तर सौम्य धुरापासून सुरुवात करा. आर्डबेग आधी झाली की बोमोरमधला धूर जाणवतच नाही. मधे पाणी आणि साधा ब्रेड असू द्या. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याचीही चव बिघडते.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येतं. त्यातली एक तरी बाटली बेटावरच्या डिस्टिलरीतच मिळणारी घ्या. नेहमीच्या बाटल्या विमानतळावरही असतात. आणि आयलाला जाणं लगेच जमणार नसेल, तर गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉनची ‘बोल्ड’ चाखा. तिच्या माल्टला धूर आयलाच्याच पीटचा असतो, पण गोव्याच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की कितीतरी भरभर मुरते आणि उडतेही. धुराभोवती मध-मसाल्याचा गोडवा जास्त आहे. लाफ्रॉइगसोबत शेजारी ठेवून प्या, पॉल जॉन आधी.