चार लेनचं ग्राउंड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा निरोप आला. विषयही दिला होता : शाळेने मला काय दिलं. शाळेने पुष्कळ दिलं. मराठीच्या बाईंनी शुद्धलेखन पक्कं करून घेतलं, गणिताच्या बाईंनी पाढे घटवून घेतले, प्रार्थनेला उशीर झाला की फाटकाबाहेर उभं राहायची शिस्तही इथलीच. पण लिहायला बसले की बाकी सगळं बाजूला पडतं आणि डोळ्यांपुढे सरच येतात. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की पी.टी.चेच सर. त्यामुळे इतर गुरुजनांनी आणि बाईंनी राग मानू नये, हा लेख सरांवरच होणार आहे.

मी 1985 च्या दहावीची. त्या काळी आपलं ग्राउंड मोकळं होतं. आताची नवी इमारत नव्हती, स्टेज लाकडी होतं आणि विहिरीच्या बाजूला चिंच होती. वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी सर सकाळपासून मैदान आखायला घ्यायचे. फक्कीची गोणी, सुतळीचं बंडल, दोन लांब खिळे आणि कापडी टेप. आठवी-नववीच्या आम्हा पाचसहा जणींना तासावरून सूट मिळायची ती सुतळी धरण्यासाठी. सर गुडघ्यावर बसून मूठ सैल करत फक्की सोडायचे आणि रेघ सरळ यायची. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी व्हायची.

ग्राउंडवर चारच लेन बसायच्या. शिक्षकांपैकी कुणीतरी दर वर्षी सुचवायचं, ‘सर, जरा अरुंद करा की, सहा बसतील, हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, कमी होतील, कार्यक्रम लवकर आटपेल.’ सर हसून ऐकून घ्यायचे आणि चारच आखायचे. लेन चार फुटांची, म्हणजे 1.22 मीटरची. जगात सगळीकडे तेवढीच, मग आपल्या पोरींना कमी का?

नववीत असताना मी त्यांच्याशी वाद घातला, तो प्रसंग सांगते. एका फेरीच्या शर्यतीत बाहेरची लेन वळणावर लांब पडते, म्हणून त्या लेनमधली मुलगी पुढे उभी करतात. मी म्हटलं, ‘सर, आपलं ग्राउंड एवढंसं. मोठ्या स्टेडियममध्ये जेवढं पुढे उभं करतात, तेवढं आपल्याकडे कशाला? इथे कमीच अंतर द्यायला हवं.’ वर्गातल्या बाकीच्या मुलीही माझ्याच बाजूच्या. सरांनी उत्तर दिलं नाही. एक खिळा जमिनीत ठोकला, त्याला सुतळी बांधून एक लहानसं वर्तुळ आखलं आणि त्याच्याबाहेर चार फूट सोडून दुसरं. मग आम्हाला सांगितलं, दोन्ही रेघांवरून सुतळी फिरवा आणि बाहेरच्या वर्तुळाला किती जास्त लागते ते टेपने मोजा. साडेसात मीटरच्या थोडी वर भरली. मग त्यांनी पार चिंचेपासून स्टेजपर्यंत मोठ्ठं वर्तुळ आखायला लावलं, त्याच्याबाहेर पुन्हा चार फूट सोडून आणखी एक. आम्ही उन्हात सुतळी धरून फिरलो. फरक भरला तेवढाच! पुन्हा मोजला, तरी तेवढाच. तेव्हा सरांनी फळ्यावर लिहावं तसं मातीत बोटाने लिहिलं : 2 × 3.14 × 1.22 = 7.66.

‘ग्राउंड केवढं, याचा त्याच्याशी संबंध नाही, बाळ,’ ते म्हणाले. ‘लेन केवढी, एवढाच संबंध आहे. ऑलिंपिकमधली बाई आणि तू, दोघी सारख्याच पुढे उभ्या राहणार.’

पुढे मी अॅथलेटिक्सची पंच झाले, परीक्षा देऊन. अधिकृत ट्रॅकला आतून कठडा असतो, त्यामुळे तिथे पहिल्या लेनची लांबी किंचित वेगळ्या ठिकाणाहून मोजतात. म्हणून दुसरी लेन 7.04 मीटर पुढे आणि तिसरी 14.70, म्हणजे तिथून पुन्हा 7.66 चीच भर. परीक्षेच्या पुस्तकात हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपलं ग्राउंडच होतं. गणित मला पेपरात कधी जमलं नाही, पण हे कधी विसरले नाही.

मी दहावीत असताना, 1984 च्या ऑगस्टात, लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. तिसरी आलेली रुमानियाची मुलगी 55.41, उषा 55.42. सरांनी प्रार्थनेनंतर वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि आपलं चावीचं स्टॉपवॉच वर धरलं. म्हणाले, ‘या घड्याळात दशांशाच्या खाली मोजताच येत नाही. यात दोघींची वेळ एकच आली असती.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलं रांगेत उभीच.

सर दर वर्षी बक्षीस समारंभाला एकच गोष्ट सांगायचे, खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पण सर ती सांगायचे तेव्हा गोष्टीचा नायक खाशाबा नसायचे, नायक असायचे प्राचार्य खर्डेकर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात हा बुटका, शिडशिडीत मुलगा वार्षिक स्पर्धेत नाव घालायला गेला तर त्याला बाहेर काढलं. तो थेट प्राचार्यांकडे गेला आणि त्यांनी त्याला खेळू दिलं. त्याने भल्याभल्यांना चीतपट केलं. 1948 ला लंडनमध्ये सहावा आला. पुढच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा याच प्राचार्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते कर्ज फेडलं. इथवर आलं की सरांचा आवाज चढायचा : ‘पदक त्याचं, पण घर कुणाचं होतं?’

लहानपणी मला हे नीट कळत नव्हतं. कळलं ते दहावीनंतर. आमच्या घरी ठरलं होतं की मी कॉमर्सला जायचं, टायपिंग शिकायचं आणि धावणं बंद. सर एका संध्याकाळी ठाण्याच्या खारकर आळीतल्या आमच्या घरी आले. बाबांनी चहा दिला. सरांनी माझं कौतुक केलं नाही. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, ‘कॉमर्सलाच जाऊ दे. पण ज्या कॉलेजात जाईल तिथे सकाळी ग्राउंडवर कोण असतं, ते बघून येऊ का आपण दोघं?’ आणि खरोखरच दोघं गेले, चेंदणीच्या खाडीकाठी, सायकलींवर. बाबा परत आले ते माझ्यासाठी स्पाइक्सची चौकशी करतच. ते शूज जुने, दुसऱ्या कुणाचे तरी, पुढे कापूस भरून घालायचे. ते घालून मी कॉलेजकडून मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर धावले. त्यापुढे मजल गेली नाही. पण माझं अर्धं आयुष्य त्या ग्राउंडने घडवलं. बँकेतली नोकरी सांभाळून इतकी वर्षं पंच म्हणून उभी राहते, त्याची सुरुवात त्या चहाच्या कपापासून आहे.

पंचाच्या कामात एक गोष्ट जवळून दिसते. शाळेत पळणारी मुलं खूप असतात. दहावी झाली की निम्मी गळतात, बारावीला उरलेल्यांतली बरीच. जी टिकतात, त्यांच्या मागे बहुतेक वेळा कॉलेजातलं कुणीतरी असतं, हजेरीची अडचण सोडवणारं, परीक्षेची तारीख सांभाळून घेणारं. आपल्याकडचे ऑलिंपिकपटू बघा. अंजली भागवत यांनी रायफल पहिल्यांदा हातात घेतली ती मुंबईत कॉलेजात असताना, एन.सी.सी.मुळे. त्या 2000 ला सिडनीत अंतिम फेरीत पोचल्या. मनू भाकर दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजची, नीरज चोप्रा चंदीगडच्या डी.ए.व्ही. कॉलेजचा. माझी भाची अमेरिकेत शिकते. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी तिने फोनवर सांगितलं की एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी 39 पदकं मिळवली. आपल्या सबंध देशाची सहा. तिथे शिष्यवृत्ती असते, तलाव असतात, पगारी प्रशिक्षक असतात, हे खरंच. जलतरणपटू केटी लेडेकी तिथलीच, मानसशास्त्राची पदवीधर, ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं. पण मला हेवा वाटला तो तलावांचा नाही. ते विद्यापीठ शिकून बाहेर पडलेल्या मुलीलाही ‘आमची’ म्हणून मोजतं, याचा वाटला.

1 ऑगस्ट 2024 ला दुपारी मी सरांकडे होते. सर आता घराबाहेर फारसे पडत नाहीत, कानाला कमी ऐकू येतं, पण टीव्हीवरचे आकडे बरोबर वाचतात. नेमबाज स्वप्नील कुसाळेची 50 मीटर थ्री पोझिशनची फायनल होती. गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभ्याने. पहिल्या दोन टप्प्यांत तो पदकाच्या बाहेर होता. उभ्याने नेम धरायला लागल्यावर एकेक जण मागे पडत गेला आणि हा वर सरकत राहिला. सरांनी माझा हात घट्ट धरला होता. 451.4 गुण, ब्राँझ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत टी.सी. खाशाबांनंतर 72 वर्षांनी मराठी मातीतलं वैयक्तिक पदक! सरांच्या सूनबाईंनी साखर आणून दिली.

मला वाटलं, सर आता खाशाबांचं नाव काढतील. त्यांनी विचारलं, ‘याचा मास्तर कोण?’

मी सांगितलं, दीपाली देशपांडे. त्या स्वतः 2004 ला अथेन्सला खेळल्या.

‘आणि तिचा?’

संजय चक्रवर्ती. अंजली भागवत आणि सुमा शिरूर याही त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. सुमाताई आता आपल्या शेजारी नवीन पनवेलला स्वतःची रेंज चालवून मुलं घडवतात, हेही सांगितलं. सर मान हलवत होते. सूनबाईंना म्हणाले, ‘लिहून ठेव गं ही नावं.’ पदकाचे गुण लिहून ठेवायला त्यांनी सांगितलं नाही.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत देखणी आहे, प्रयोगशाळा तर आमच्या काळी कल्पनेतही नव्हती. पण ग्राउंड निम्मं उरलं आहे आणि उरलेल्यात गाड्या लागतात. चिंच नाही. एका फेरीची शर्यत आता होतच नाही, मुलं सरळ रेषेत पन्नास मीटर धावतात. दादोजी कोंडदेव स्टेडियमपर्यंत मुलांना न्यायचं तर रिक्षाचा खर्च आणि पालकांची परवानगी. पूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धांना जव्हार-मोखाड्याची मुलं अनवाणी येऊन आम्हाला मागे टाकायची. 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ती मुलंही ठाण्याच्या मैदानावर दिसेनाशी झाली. हॉलमध्ये गुणवंतांचा फलक आहे, त्यावर शालान्त परीक्षेतले पहिले आलेले आहेत. त्यांचा मला अभिमान आहे. पण शाळेतून बाहेर पडून विद्यापीठाकडून, राज्याकडून खेळलेली मुलं त्यावर नाहीत. आणि शाळेला त्यांची नावं विचारली तर कुणाला सांगताही येत नाहीत. मला माहीत आहेत, सरांच्या वहीत आहेत. ती वही मी आणून देते, पण यंदा फलक लागला पाहिजे. सर बघायला आहेत तोवर लागला पाहिजे, हे मी जाहीरपणे मागते आहे.

आमच्या बॅचने एक छोटी ठेव ठेवली आहे. तिच्या व्याजातून, इथून दहावी होऊन कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलामुलींना बूट आणि प्रवासखर्च द्यायचा. मार्कांची अट नाही, पदकाची तर नाहीच. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांची चिठ्ठी आणली की पुरे. सर स्वतःचं नाव ठेवीला देऊ देत नाहीत, त्यावर आमची अजून ओढाताण चालू आहे. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी शाळेच्या ऑफिसात द्यावी, पावती मिळते. पहिले बूट दोन वर्षांपूर्वी दहावी झालेल्या, कळव्याहून येणाऱ्या मुलीला दिले. ती 400 मीटर धावते, इंटर-कॉलेजिएटला उतरणार आहे. तारीख लागली की मी बॅचच्या ग्रुपवर टाकते. मी त्या दिवशी पंच असेन, मला ओरडता यायचं नाही. तिच्या कॉलेजची मुलं असतीलच, पण आपल्या शाळेचीही चार माणसं कठड्याशी उभी असायला हवीत. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडली तर वेळेत पोचता येतं.