दांडा अडकला तेव्हा

आमच्या फोर बाय फोर पिकअपला 235/70 R16 टायर. द्राक्षांच्या ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडच्या मळ्यात मागचा डावा टायर मांडवाच्या लोखंडी अँगलवर चिरला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या टायरवाल्याकडे तो साइज नव्हता, 245/70 R16 होता. "थोडासाच फरक आहे दादा, काही होत नाही." फवारणीची घाई, म्हटलं टाका. निदान एवढी अक्कल वापरली की मागे दोन्ही नवे जोडीने घातले. एका अ‍ॅक्सलवर लहानमोठं चाक असलं की डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना, सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही, एवढं ठाऊक होतं.

पंधरा दिवस टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, गाडीने काही जाणवू दिलं नाही. मग पाऊस झाला आणि मळ्यातल्या काळ्या मातीत ती रुतली. फोर-एच टाकून, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन निघालो, तसाच डांबरीवर आलो आणि फोर बाय फोरचा दांडा परत टू-एचला घ्यायचा विसरलो. किलोमीटरभरात स्टिअरिंग जड, गाडी मागून कुणी धरल्यासारखी. दांडा ओढतो तर हलेना. दोन्ही हातांनी ओढला, शिव्याही घालून पाहिल्या.

मिस्त्रींना फोन लावला. "ओढू नका शेठ, गिअर जातील. सरळ रिव्हर्स घ्या, दहा-पंधरा फूट." घेतली. खालून 'टण्ण' झालं आणि दांडा दोन बोटांनी सुटला.

पार्ट-टाइम, म्हणजे दांड्याने हवं तेव्हाच जोडायच्या फोर बाय फोरला पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल नसतो. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी, पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकतो. एका जुवाला लांब ढांगेचा आणि आखूड ढांगेचा बैल जुंपावा, तसं. चिखलात टायर घसरतो आणि फरक तिथेच जिरतो. डांबरावर तो घसरत नाही, मग पीळ शाफ्ट-गिअरमध्ये साठतो. सारखे टायर असले तरी कोरड्या रस्त्यावर वळणात हे होतंच. माझ्या गाडीत सरळ जातानाही होत होतं.

कागदावर हिशोब केला तर दोन साइजच्या घेरात साधारण 44 मिलिमीटरचा फरक, दोन टक्क्यांच्या आत. एवढ्याने इतकं? म्हणून खळ्यावर गाडी रिकामी केली, चारही टायरांत ठरलेली हवा भरली, टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली, आणि भाच्याला टेपचं टोक धरायला लावून पाच फेरे गाडी ढकलली. पुढचं चाक 11.05 मीटर गेलं, मागचं 11.42. फेऱ्याला सात सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर! पुढचे जुने टायर पाचेक मिलिमीटर झिजलेले, ते मी धरलंच नव्हतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा नव्या टायरचा असतो.

मिस्त्री म्हणाले, टू-एचमध्येच चालवणार असाल तर राहू द्या. पण पावसाळ्यात फोर-एचशिवाय आमचा मळा दारात उभं करत नाही. शेवटी 235 चे चार टायर घेतले, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. खिसा रिकामा झाला. ते दोन 245 शेजारच्या काकांनी त्यांच्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला मागे जोडीने बसवले, त्यांचं मस्त चाललंय.

राहिली स्टेपनी. ती अजून जुनीच आहे, झिजलेली. ती लागली तर पंक्चर निघेपर्यंत दांडा टू-एचमध्येच, असं डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलंय. पाचवा टायर द्राक्षांचे पैसे आले की.