पाटोवरची चित्रे आणि चोडणची मानस

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरले की पाटोवरचे संस्कृती भवन चालत जाण्याइतके जवळ आहे. तिथल्या कलादालनात गोव्यातल्या काही चित्रकारांनी निसर्ग आणि पृथ्वी या विषयावर मिळून प्रदर्शन भरवले होते आणि ते पाहण्यासाठीच मी सावंतवाडीहून आलो होतो. पाटोचा हा सगळा परिसर मुळात ओरें खाडीच्या काठची दलदल. तिच्यावर भराव घालून आजच्या सरकारी कचेऱ्या, बँका आणि हॉटेले उभी राहिली. खाडीच्या कडेने खारफुटी मात्र अजून तग धरून आहे. अशा जागी पृथ्वीचा उत्सव मांडायचा तर चित्रकाराने आधी खिडकीबाहेर पाहावे, अशी अपेक्षा मनात धरूनच मी आत शिरलो.

सगळ्यांनी तसे पाहिले होते असे नाही. ओंजळीत धरलेला निळा पृथ्वीगोल, स्त्रीच्या केसांतून उगवलेले झाड, मावळतीचा समुद्र अशी चित्रे होती. त्यांत मेहनत होती, परंतु ती जगातल्या कोणत्याही शहरात काढता आली असती. मी थबकलो तो कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या रेखाटनांपाशी. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, हिरव्या शेंगेसारखे लांब होऊन फांदीला लोंबत राहते आणि मग खालच्या चिखलात पडून उभे राहते. शाईच्या बारीक रेघांनी काढलेल्या त्या ओळीत शेंगेचे टोक कुठे तपकिरी होते, चिखलात पडल्यावर पहिली दोन पाने कशी उलगडतात, हे इतके स्पष्ट होते की रेखाटणाऱ्याने तिथे गुडघाभर चिखलात उभे राहून दिवस घालवले असणार.

पलीकडच्या भिंतीवर एका तरुणाने खनिजाच्या मातीनेच एक मोठा देखावा रंगवला होता. डोंगर कापून केलेले टप्पे, खड्ड्यात साचलेले हिरवट पाणी आणि नदीतून जाणारी बार्जांची रांग. खाणी 2012 साली बंद पडल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, ही हकीकत गोव्यात लहान मुलांनाही ठाऊक आहे. निसर्गाच्या उत्सवात हे चित्र लावण्याचे धैर्य आयोजकांनी दाखवले याचे मला मनापासून कौतुक वाटले. ती माती कॅनव्हासवर इतकी जाड बसवलेली होती की प्रकाश तिच्या कणांवर चमकत होता.

मध्यभागी छताला एक माटोळी टांगलेली होती. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची जी चौकट गोव्यातल्या घराघरांत बांधली जाते, तीच इथे चित्रकारांनी कवंडळ, आंबाडे, सुपारीचे घोस आणि माट्टीची फळे बांधून उभी केली होती. माटोळीसाठी रानात जाणाऱ्या माणसाला कोणते झाड कुठे आहे आणि ते कधी फळते हे पाठ असावे लागते, आणि म्हणूनच मला ती मांडणी कलादालनात अजिबात उपरी वाटली नाही.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो कावी पद्धतीच्या एका फलकापुढे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला आढळते: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल कावेचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. फलकावर देव नव्हता, वेलबुट्टी नव्हती. खाडीच्या पाण्यालगतच्या खाजन शेताचा बांध होता, मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारे होती आणि डोक्यावर चिखलाची पाटी घेतलेला एक माणूस होता. पेडण्याच्या ज्या ताईंनी तो केला होता त्या तिथेच बसल्या होत्या. "चुना ओला आहे तोवरच हात चालवायचा," त्या म्हणाल्या. "वाळला की रेघ फुटते, मग दुरुस्ती नाही." माणूस का काढला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, "बांध कोण बांधतो मग?"

त्यांच्याच सांगण्यावरून दुपारी मी चोडणला निघालो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लिन्हारिसचा दगडी पूल पोर्तुगीजांनी 1633-34 साली दलदल आणि मिठागरांमधून बांधला. तो सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता बसने संपला की फेरीचा धक्का येतो. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, अवघे 1.78 चौरस किलोमीटरचे. बहुतेक प्रवासी तेवढेच पाहून परततात. मी बेटाच्या आतल्या बाजूला, खाजनांकडे गेलो.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. पावसाने मीठ धुऊन गेले की तिच्यात कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात होते. बांधातली मानस पाहायला मी एका शेतकरी काकांबरोबर गेलो. "भरती आयली की दार आपशींच धांपता," असे म्हणत त्यांनी लाकडी फळ्यांवर हात ठेवला. बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडते. दगडी चौकट जांभ्याची आणि पारंपरिक दारे माट्टीच्या लाकडाची, कारण खाऱ्या पाण्यात ते टिकते.

बांधाच्या पलीकडे एक मोठा तुकडा तिवर आणि कांदळाने गच्च भरलेला होता. सकाळी कलादालनातून आलेल्या माझ्या डोळ्यांना तो सुंदरच दिसला. काकांनी सांगितले की ते त्यांच्या चुलत्यांचे शेत होते. बांध फुटला, वेळेवर कोणी बुजवला नाही, खारे पाणी आत राहिले आणि काही वर्षांत खारफुटी वाढली. नदीकाठची खारफुटी बांधाला लाटांपासून वाचवते, म्हणून ती हवीच. शेतात शिरलेली खारफुटी मात्र तिथले भात संपल्याची खूण आहे. हे दोन्ही हिरवे रंग एकाच प्रदर्शनात शेजारी शेजारी लावलेले मला पाहायचे आहेत, आणि ते कावीतच व्हावेत असे मी पेडण्याच्या ताईंना त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले. फुटलेला बांध आपण अजून काढलेला नाही, असे त्या म्हणाल्या, आणि काकांच्या चुलत्यांचे शेत नेमके कुठे आहे ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले.