तुम्ही विचारलंत म्हणून : ट्यूनिंग सॉफ्टवेअरची वरची आवृत्ती घ्यावी का?

“इंजिन ट्यून करायला आणि लॉग घ्यायला मी साधी आवृत्ती वापरतोय. पैसे भरून वरची घेऊ का?” हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याची गाडी वेगळी असते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) वेगळा असतो, पण माझा उलट प्रश्न एकच असतो : तुमचा शेवटचा लॉग (गाडी चालताना टिपलेल्या आकड्यांची नोंद) उघडा आणि सांगा, तुम्हाला काय कळायला हवं होतं आणि काय कळलं नाही? याचं नेमकं उत्तर देता आलं, तर अपग्रेड घ्यायचं की नाही हे निम्मं तिथेच ठरतं. देता आलं नाही, तर पैसे तूर्त खिशातच ठेवा.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सॉफ्टवेअर हा पोहरा. आड म्हणजे सेन्सर, वायरिंग आणि ईसीयूकडून आकडे येण्याचा वेग. बहुतेक लोक अडलेले असतात ते या आडापाशी.

आधी वेगाचं बघू. ओबीडी पोर्टवरून (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटमधून) लॉग घेताना सॉफ्टवेअर एकेक आकडा मागतं आणि ईसीयू एकेक उत्तर देतो. ईएलएम ३२७ जातीचं साधं अडॅप्टर असेल तर सेकंदाला सगळे मिळून जेमतेम वीसेक आकडे हाती येतात. दहा चॅनेल (म्हणजे दहा वेगवेगळी मापं) निवडले की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला दोन. आता तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल दाबून आठ सेकंदांत गेलात असं धरा. म्हणजे सेकंदाला ५०० आरपीएम. तुमच्या लॉगमधल्या दोन आकड्यांत २५० आरपीएमचं अंतर पडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात ६००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा ज्वलन होतं, त्यातलं दर शंभरातलं एक तुम्ही बघताय. मधल्या नव्याण्णवांत मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झालं असेल, बूस्ट (टर्बोचा दाब) उसळला असेल, तर ते त्या लॉगमध्ये नाहीच. महागडा व्ह्यूअर दोन ठिपके छान गुळगुळीत रेषेने जोडून देईल, एवढंच.

याहून फसवी गोष्ट म्हणजे लॉगची एक ओळ हा एक क्षण नसतो. पहिला चॅनेल आणि दहावा चॅनेल यांच्या वाचनात अर्धा सेकंद जाऊ शकतो. त्यामुळे ओळीत दिसणारा लॅम्डा (मिश्रणाचं माप : १ म्हणजे नेमकं, त्याहून जास्त म्हणजे पातळ) आणि ओळीत दिसणारा आरपीएम एकमेकांचे असतीलच असं नाही. ‘४५०० ला मिश्रण पातळ होतंय’ म्हणून तिथलं टेबल (ईसीयूमधला इंधनाचा तक्ता) बदलायचं, आणि खरी जागा असते ४२५०. इथे फुकटचा उपाय आहे : चॅनेल कमी करा. आरपीएम, मॅनिफोल्ड दाब, लॅम्डा आणि इग्निशन अ‍ॅडव्हान्स असे चारच ठेवले, तर प्रत्येकाला सेकंदाला पाच वाचनं मिळतात. इतर चॅनेलसाठी दुसरी फेरी मारा.

वरच्या आवृत्तीत पैसे भरण्याजोगी पहिली गोष्टही इथेच सापडते. कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवर) एकाच विनंतीत सहापर्यंत ओबीडी चॅनेल मागता येतात. काही सॉफ्टवेअर त्याहून पुढे जाऊन ईसीयूच्या मेमरीतले ठरावीक पत्ते सलग वाचतात आणि वेग कितीतरी वाढतो. प्रत्येक चॅनेलला वेगळा वेग देता येणं हीसुद्धा मोलाची सोय आहे. कूलंटचं तापमान सेकंदातून एकदा पुरतं, बूस्टचा दाब वीस वेळा हवा. विक्रेत्याला विचारायचं ते असं : माझ्या याच ईसीयूवर, माझ्या याच अडॅप्टरसह, बारा चॅनेल निवडले तर प्रत्येकाचा वेग किती? ‘फास्ट लॉगिंग’ हे उत्तर नव्हे. आकडा मागा.

सगळंच वेगाने टिपावं लागतं असंही नाही. नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी भडका) झाला की ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, आणि बऱ्याच ईसीयूंमध्ये ते हळूहळू परत येतं. म्हणून नॉक रिटार्ड, म्हणजे ही माघार, मंद लॉगमध्येही सापडतो. ट्रिगर सिंक (क्रँकच्या स्थितीशी ईसीयूचा मेळ) तुटणं क्षणाचं असतं, पण ते मोजणारा काउंटर चढतो आणि चढलेलाच राहतो, त्यामुळे तोही चुकत नाही. मात्र ‘आमच्या आवृत्तीत नॉक लॉगिंग आहे’ या वाक्याने हुरळून जाऊ नका. नॉकची वारंवारता ढोबळमानाने १८०० भागिले (पाय गुणिले मिलिमीटरमधला बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास) इतके किलोहर्ट्झ असते. ८६ मिमी बोअरला ती सुमारे ६.७ किलोहर्ट्झ येते. सेकंदाला वीस वाचनं घेणारा लॉग ती ऐकूच शकत नाही, तो फक्त ईसीयूचं मत नोंदवतो. सैल झालेली हीट शील्ड किंवा वाजणारे टॅपेट यांनाही ईसीयू कधीकधी नॉक समजतो. एका ठरावीक आरपीएमला, लोड कितीही असला तरी, नॉक दिसत असेल तर टायमिंगला हात लावण्याआधी पाना घेऊन गाडीखाली जा.

आता सेन्सर. वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा ऑक्सिजन सेन्सर) नसेल आणि गाडीच्या मूळ नॅरोबँडवर पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण ठरवायचा विचार असेल, तर सॉफ्टवेअरचा विषय इथेच थांबवा. नॅरोबँडला लॅम्डा १ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट कळतं. ०.८५ आणि ०.८० मधला फरक त्याच्याकडून भरवशाने मिळत नाही. वाइडबँड आधी, आवृत्ती नंतर. बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड बसवताना सेन्सरचं टोक खालच्या बाजूला ठेवा आणि तो आडव्यापेक्षा किमान १० अंश वर तिरका बसेल अशी जागा पाहा. नाहीतर थंड सुरुवातीला साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं. वाइडबँडच्या कंट्रोलरला वीज न देता सेन्सर एक्झॉस्टमध्ये नुसता लावून गाडी चालवू नका, काजळी धरून तो जातो.

वाइडबँड अ‍ॅनालॉग तारेने जोडला असेल तर ग्राउंड तपासा. ० ते ५ व्होल्ट म्हणजे एएफआर (हवा आणि इंधनाचं गुणोत्तर) १० ते २० अशी मापणी असेल, तर ग्राउंडमधला ०.१ व्होल्टचा फरक लॉगमध्ये ०.२ एएफआर होऊन उतरतो. आयडलवर गेजचा आकडा आणि लॉगचा आकडा शेजारी ठेवा. फरक कायम एकाच दिशेने असेल तर दोष तारेत आहे. कंट्रोलरच्या सिग्नलचं ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडा आणि हीटरचं ग्राउंड वेगळं न्या. कॅनवरून आकडे पाठवणारा कंट्रोलर घेतला तर ही भानगडच उरत नाही, पण तुमच्या आवृत्तीला कॅन इनपुट वाचता येतं का ते आधी बघा. ते फक्त वरच्या आवृत्तीतच येत असेल, तर अपग्रेडसाठी हे चांगलं कारण आहे. आकडे नेहमी लॅम्डात वाचा. शुद्ध पेट्रोलला लॅम्डा १ म्हणजे एएफआर १४.७, आणि इथेनॉल मिसळलं की तो आकडा खाली सरकतो. लॅम्डा मात्र तोच राहतो.

ज्या एका सेन्सरसाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो तो आहे इंधनदाबाचा. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. इंजेक्टरवरचा दाब ३ बारवरून २.५ वर घसरला, तर इंधन सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतं आणि ०.८० लॅम्डा ०.८८ च्या आसपास जातो. लॉगमध्ये दाब नसेल तर हे ‘टेबल चुकलंय’ असंच दिसतं. मग माणूस वरच्या आरपीएमला टेबलमध्ये इंधन वाढवतो, आकडे सुंदर जुळतात आणि थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर झाकला जातो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुढे कधी पंप बदलला की तेच टेबल गरजेपेक्षा जास्त इंधन ओततं. पंप बदलायचा राहिला, तर दाब आणखी घसरतो आणि भर बूस्टमध्ये मिश्रण पातळ होतं. पिस्टन असेच जातात.

यावरून ऑटोट्यून. वरच्या आवृत्तीकडे लोक मुख्यतः याच्यासाठी वळतात. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो हे ईसीयू चालवणाऱ्यांना ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या नोंदणीकृत आवृत्तीत चालत्या इंजिनावर व्हीई टेबल (इंजिन किती हवा ओढतं याचा तक्ता) सुधारण्याची सोय मिळते, आणि ती खरोखर वेळ वाचवते. हिशेब साधा आहे : जुना व्हीई गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. टेबलमध्ये ८० आहे, हवा ०.८६, मिळाला ०.९०, तर नवा आकडा ८३.७. पण हा हिशेब करणाऱ्याला लॅम्डा का वाढला ते कळत नाही. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपाशी येतो आणि मिश्रण पातळ दिसतं. ऑटोट्यून इंधन वाढवतो, प्लग ओले होतात, मिसफायर वाढतो, तो पुन्हा इंधन वाढवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर आयडलला हेच होतं. इंजेक्टरचा डेड टाइम (इशारा मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) चुकीचा असेल तर ऑटोट्यून ती चूक व्हीईमध्ये मुरवतो. मग पंखा आणि दिवे लागून व्होल्टेज पडलं की जुळवलेला आयडल डळमळतो. म्हणून गळती, प्लग, डेड टाइम, इंधनदाब हे सगळं आधी. ऑटोट्यून सुरू करताना कूलंट पूर्ण तापल्याशिवाय, थ्रॉटल झपकन हलत असताना आणि उतारावर इंधन बंद असताना येणारी वाचनं गाळण्याचे फिल्टर लावा. धूर सेन्सरपर्यंत पोचायला लागणारा वेळही भरा. आयडलला तो जास्त असतो, आणि शून्य ठेवलात तर सुधारणा शेजारच्या सेलमध्ये जाते.

रंगीत डॅशबोर्ड आणि फिरते काटे यांसाठी पैसे देऊ नका. गणिती चॅनेल, आरपीएम आणि लोडनुसार लॉगचं टेबल आणि दोन लॉग एकावर एक ठेवून पाहण्याची सोय या तीन गोष्टींचा मात्र रोज उपयोग होतो. त्यातला गणिताचा भाग स्प्रेडशीटमध्येही होतो. उदाहरणार्थ, दोन फेऱ्यांमागे एकदाच उघडणाऱ्या इंजेक्टरचा ड्युटी (तो उघडा राहण्याचं प्रमाण) टक्क्यांत काढायचा तर मिलिसेकंद गुणिले आरपीएम भागिले १२००. ६००० ला १७ मिलिसेकंद म्हणजे ८५ टक्के, म्हणजे मर्यादेला आलात.

लायसन्स कशाला बांधलेलं आहे ते लेखी विचारा : लॅपटॉपला, केबलला, ईसीयूला की गाडीला? एचपी ट्यूनर्ससारख्या ट्यूनिंग कंपन्यांकडे गाडीमागे क्रेडिट लागतात. सुबारूसाठी रॉमरेडर हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. ईसीयू जळला तर लायसन्सचं काय होतं, अद्ययावत आवृत्त्या किती काळ मिळतात आणि लॉग सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का, हेही पैसे भरण्याआधीच विचारा.

घ्यायचं ठरलंच, तर जुनी आवृत्ती काढून टाकू नका. सध्याची ट्यून फाइल, फर्मवेअर (ईसीयूमधला मूळ प्रोग्राम) आणि त्याची व्याख्या-फाइल (त्यातल्या आकड्यांचा अर्थ सांगणारी) एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मूळ ईसीयू फ्लॅश करणार (त्यात नवा प्रोग्राम लिहिणार) असाल तर त्यातली रॉम, म्हणजे आधीचा प्रोग्राम, आधी वाचून दोन ठिकाणी साठवा. जुन्याच सेटअपवर आयडल, एकसारख्या वेगातली गाडी आणि एक पूर्ण पुल (पूर्ण थ्रॉटल दाबून मारलेली धाव) असे तीन लॉग घ्या. फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर वीज देणारा सप्लाय लावा आणि दिवे-पंखे बंद ठेवा. लॅपटॉपचा स्लीप आणि आपोआप होणारे अपडेट बंद करा. यूएसबी केबल इग्निशन कॉइलजवळून नेऊ नका. अर्ध्यात वीज गेली तर ईसीयू पोर्टवरून बोलायचाच थांबू शकतो, मग तो बाहेर काढून टेबलावर जिवंत करावा लागतो.

फर्मवेअर बदललं की जुनी ट्यून फाइल चढवताना फरकांची यादी येते. ती शेवटपर्यंत वाचा. मेगास्क्वर्टमध्ये कूलंट, हवेचं तापमान आणि वाइडबँड यांची कॅलिब्रेशन टेबलं ट्यून फाइलपासून वेगळी असतात, ती पुन्हा पाठवावी लागतात. थंड इंजिनाचं तापमान अशक्य दिसलं तर कारण बहुधा हेच. त्यानंतर टायमिंग सॉफ्टवेअरमधून १० अंशांवर स्थिर करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर तपासा. स्क्रीनवरच्या १० वर विश्वास ठेवून पुलला जाऊ नका. मग तेच तीन लॉग पुन्हा घेऊन जुन्यांवर ठेवा. त्याच आरपीएमला, त्याच दाबाला, हवेचं तापमानही जवळपास तेच असताना लॅम्डा ०.०२ हून जास्त सरकला असेल, तर व्हीईला हात लावू नका. जुनं फर्मवेअर परत चढवा आणि कोणत्या सेटिंगचा अर्थ नव्या आवृत्तीत बदलला ते फरकांच्या यादीत शोधा.