आमची वाटचाल : पिळलेला दुधी आणि खिम्याचे गोळे

कोल्हापुरात पोरांना मटण खायला लावायचा धंदा काढतेस होय, असं माहेरच्यांनीच मला हसून विचारलं होतं. खरंच आहे. इथं पोराला दात आले की वाटीत अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी येतं. पण अळणीवरून ते थेट तांबड्या रश्श्यावर जातं, आणि मग तर्रीशिवाय घास उतरत नाही. मधली पायरी आम्ही बांधली : पोरांसाठी दुधी घातलेले खिम्याचे गोळे, रश्श्यातले. शाहूपुरीत दोन खोल्या, एक भागीदार आणि 22 नंबरचं खिमा मशीन.

खिमा रानाचा म्हणजे मांडीचा, सीन्याचा म्हणजे छातीचा नाही. बारीक जाळीतून दोनदा. किलोला पावशेर दुधी : किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि पंच्यात घालून हात दुखेपर्यंत पिळायचा. पाणी राहिलं की गोळा रश्श्यात फुटला म्हणून समजा. बांधायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. तळण नाहीच, मोदकपात्रात वाफवायचे. रश्श्याचं अळणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वर थिजलेली चरबी काढून टाकायची. रंगाला बिया काढलेली ब्याडगी आणि चमचाभर बिटाचा कीस.

पहिली काही वर्षं बरी गेली.

मग 2019 चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. आमच्या ओट्यावर कंबरभर पाणी. श्रावण लागला होता म्हणून फ्रीजरमध्ये मटण नव्हतं, एवढंच नशीब. मशीनची मोटर गेली, पातेली पार कोपऱ्यावरच्या गटारात सापडली. मी गाळ उपसत होते तेव्हा भागीदार गिऱ्हाइकांची वही घेऊन गेले. "भिजेल म्हणून नेली," म्हणाले. दिवाळीत दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान उघडलं. तेच गोळे, दर वीस रुपये कमी. पण दुधी पिळायचं काम कायम माझ्याकडं होतं, त्यांनी कधी हात लावला नव्हता. गोळे फुटायला लागले तसा त्यांनी मैदा घातला, मग तळले, मग लाल रंग टाकला. पोरं मिटक्या मारत खातात म्हणे. खातीलच.

त्या दिवसांत राजारामपुरीच्या एक आजी रिक्षानं आल्या. मांडीवर पितळेचं मोदकपात्र, तळाला त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. "मशीन नाही तर सुऱ्यानं कर खिमा. नातू दुसऱ्या कुणाचं खाईना झालाय." ओंडक्यावर सुऱ्यानं तीन महिने खिमा केला. पात्र अजून आमच्याकडंच आहे. एकदा परत द्यायला गेले तर दारातच रागावल्या.

आता आयांना एक सांगते, विचारलं नसलं तरी. ताटात वाढताना "पौष्टिक आहे" म्हणू नका. पोर तिथंच बिथरतं. दुधीचं नाव तर ताट धुऊन होईपर्यंत काढू नका. आणि पांढरा रस्सा घट्ट हवा म्हणून काजू ओतू नका. तीळ-खसखस नीट वाटली की पातळ नारळाच्या दुधातही दाट लागतो.

मागच्या महिन्यात भागीदारांकडचा कामाचा पोरगा आला होता. "वैनी, तुमचं गोळं फुटत कसं नाहीत?" चेहरा उतरलेला, बहुतेक बोलणी खाऊन आला होता. त्याला बसवलं, चहा दिला, वर दोन गोळे खायला दिले. दुधी तेव्हा मागच्या मोरीत पंच्यात टांगलेला होता, निथळत.