घारापुरीचा दुसरा डोंगर

घारापुरीला मी आतापर्यंत चार वेळा तरी गेले असेन आणि दर वेळी तेच, गेटवेवरून तासाभराची लाँच, जेट्टीवरची छोटी ट्रेन, माळा-टोप्यांच्या दुकानांमधून वर जाणाऱ्या पायऱ्या, त्रिमूर्तीसमोर फोटो (त्रिमूर्ती आपण म्हणतो, आहे तो सदाशिव) आणि परत. याच बेटावर बौद्ध स्तूप आहे हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर या जानेवारीत फक्त त्याच्यासाठी गेले.

लेण्यांजवळ बोरं-आवळे विकणाऱ्या एका काकूंना रस्ता विचारला. "काय नाय गो बाय तिकडं, नुसत्या विटा हायेत," म्हणाल्या. मी जाणारच म्हटल्यावर "एकटी नको जाव" म्हणून त्यांनी आपला मुलगाच सोबत दिला, कॉलेजात जाणारा. बेट एवढंसं, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीनच गावं, हजार-बाराशे माणसं. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसायचे पण यांच्या घरात कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून, तेव्हा हा मुलगा प्राथमिक शाळेत होता. त्या दिवसाबद्दल तो चालता चालता इतकं भरभरून बोलत होता की चढ जाणवलाच नाही.

पूर्वेकडच्या डोंगरावर आधी सहावं लेणं लागतं, याला सीताबाईचं देऊळ म्हणतात, पोर्तुगीजांनी इथे चर्च केलं होतं. पुढचं सातवं अर्धवटच सोडलेलं. त्याच्या पुढे सुकलेलं तळं आणि काठाला दगडात खोदलेली पाण्याची टाकी. ही टाकी बघून मी थांबलेच, कारण कान्हेरीला अगदी अशीच आहेत, तिथल्या शिलालेखात त्यांना पोढी म्हणतात. म्हणजे इथेही कोणीतरी राहत होतं, पावसाचं पाणी साठवून वर्ष काढत होतं, चारही बाजूंनी खारं पाणी असताना!

आणि मग स्तूप. म्हणजे उंचवटा. झाडोरा, सुकलेलं गवत, दगडगोटे आणि मधूनमधून डोकावणाऱ्या विटा. खाली दगडांचा उतार आणि वर विटांचा घुमट अशी त्याची मूळ रचना, आता घुमट मनातच उभा करावा लागतो. बेटावरची वस्ती इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची मानतात, म्हणजे शिवाची लेणी कोरायला घेतली त्याच्या कितीतरी शतकं आधीची. ती लेणी पाचव्या-सहाव्या शतकातली. सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, स्तूपही विटांचाच, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खोदला आणि आत अवशेषांचा करंडक मिळाला, त्यामुळे त्याचं नाव तरी झालं. घारापुरीच्या स्तूपाच्या वाट्याला ते आलं नाही याचं मला तिथे उभं राहून खरंच वाईट वाटलं. साधी पाटी लावली तरी चार माणसं इकडे वळतील.

वरून समुद्र दिसतो तेव्हा जागा हीच का निवडली ते लगेच कळतं. खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज इथून दिसणार आणि प्रत्येक जहाजावरून हा स्तूप दिसत असणार. बेटावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि क्षत्रपांची (पश्चिम भारतातल्या प्राचीन राजांची) नाणी सापडलीत, म्हणजे वर्दळ होतीच. आताही आहे, समोर न्हावा-शेवाच्या क्रेन, कंटेनरची जहाजं आणि उत्तरेला लांबच लांब अटल सेतू. तो मुलगा म्हणाला, आमची निम्मी पोरं तिकडे पोर्टातच कामाला जायचं बघतात.

त्याने एक सुटी वीट उचलून माझ्या हातात दिली. आपल्या घराच्या विटेपेक्षा चांगली मोठी आणि जड, उन्हाने तापलेली. थोडा वेळ नुसती धरून बसले, मग जिथली तिथेच, त्याच खळग्यात ठेवली. खाली आलो तेव्हा काकूंनी विचारलं, "बघितलंस?" आणि कागदात बांधलेली बोरं हातात दिली, पैसे काही केल्या घेईनात.